ज्याचा पिस्टन जगभर चालला, त्या बेंटलीला स्वतःच्या गाडीवर स्वतःचं नाव लावता आलं नाही

भर उन्हाळ्यात घाट चढताना टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, तरी अजून थोडं पुढे जाऊ म्हणत गाडी रेटली की काय होतं, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. तो बॉनेट उघडेल, ऑइलची दांडी बघेल आणि दोनच शब्द बोलेल. इंजिन सीज. मग हेड खोला, ब्लॉक बोअरिंगला पाठवा, नवे पिस्टन टाका, नव्या रिंगा टाका आणि बिलाचा आकडा ऐकून घोटभर पाणी प्या.

हे सगळं रामायण घडतं ते एका फटीपायी. सिलिंडर आणि त्यात वरखाली पळणारा पिस्टन यांच्यामध्ये मुद्दाम जागा ठेवलेली असते. गॅरेजच्या भाषेत क्लिअरन्स. आजच्या बहुतेक कारमध्ये ही जागा मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते, म्हणजे साधारण आपल्या डोक्याच्या केसाएवढी किंवा त्याहून बारीक. ती जास्त झाली तर पिस्टन आत डुगडुगतो, ऑइल वर येऊन जळतं, मागून निळा धूर निघतो. कमी झाली तर तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासतो आणि शेवटी चिकटून बसतो.

या फटीशी आयुष्यभर खेळलेला एक माणूस होता. त्याचं नाव आज करोडो रुपयांच्या गाड्यांवर असतं. क्रिकेटर, उद्योगपती, फिल्मस्टार ती गाडी घेतात आणि आपण रील बघतो. पण त्या नावाचा मालक रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकून मोठा झाला होता, पिस्टनचं गुपित त्याने देशाला देऊन टाकलं होतं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच्या नावावर कोर्टाने दुसऱ्याचा हक्क मान्य केला होता, हे फारसं कुणी सांगत नाही.

वॉल्टर ओवेन बेंटली. जवळची माणसं त्याला फक्त डब्ल्यू. ओ. म्हणायची.

जन्म १६ सप्टेंबर १८८८, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. नऊ भावंडांमधलं शेंडेफळ. घर खाऊनपिऊन सुखी, पण या पोराचा जीव अडकला होता वाफेच्या इंजिनात. शाळा संपताच, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो डॉनकास्टरला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून दाखल झाला. पाच वर्षांची उमेदवारी. लोखंड ओतायचं, घासायचं, जोडायचं आणि शेवटच्या टप्प्यात एक्स्प्रेस गाड्यांवर फायरमन म्हणून फावड्याने कोळसा ओढायचा. चांगल्या घरातला मुलगा काजळीने माखून घरी यायचा.

ही पाच वर्षं पुढे खूप कामाला आली. रेल्वेचं इंजिन म्हणजे दिसायला धटिंगण, पण ते रोज, त्याच वेळेला, तेच ओझं घेऊन धावलं पाहिजे. वाटेत बंद पडलं तर मागे सगळी लाइन तुंबते. डब्ल्यू. ओ. ने पुढे जी इंजिनं बनवली ती याच संस्कारातली होती. जरा जड, जरा दणकट, पण मध्येच दगा न देणारी.

रेल्वेत आपल्याला फार वर जाता येणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने १९१० मध्ये ती वाट सोडली. तोवर मोटारसायकलचं वेड लागलं होतंच. आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत तो १९०९ मध्ये रेक्स आणि १९१० मध्ये इंडियन मोटारसायकल घेऊन उतरला, पण हाती काही लागलं नाही. मग नोकरी धरली ती टॅक्सी कंपनीत. अडीचशेच्या आसपास युनिक टॅक्सींची देखभाल त्याच्याकडे. रोज रस्त्यावर राबणारी, नाना तऱ्हेच्या ड्रायव्हरांच्या हातून जाणारी ती इंजिनं नेमकी कुठे झिजतात आणि कशाने मरतात, हे त्याने तिथे जवळून पाहिलं.

१९१२ मध्ये त्याने भाऊ एच. एम. बेंटलीबरोबर धंदा टाकला. डीएफपी नावाच्या फ्रेंच गाड्यांची इंग्लंडमधली एजन्सी. गाडी बरी होती, पण बाजारात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. आज अशा वेळी आपण इन्फ्लुएन्सर गाठतो. तेव्हा एकच रस्ता होता, शर्यती जिंकायच्या आणि रेकॉर्ड मोडायचे. अडचण ही की डीएफपीचं इंजिन जेमतेम दोन लिटरचं. त्यातून आणखी ताकद काढायची तर ते जास्त वेगाने फिरवायला हवं आणि वेग वाढवला की पिस्टन जीव सोडायचे.

असं का, ते थोडं समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबतो आणि शंभर वेळा पुन्हा पळत सुटतो. त्या काळी पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असायचे. एवढं जड धूड दर वेळी थांबवायचं आणि पळवायचं म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर घणाचे घाव. शिवाय बीड उष्णता लवकर पुढे ढकलत नाही. पिस्टनचा माथा लालबुंद व्हायचा आणि स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेटायचं. मग ठोके, मग भोक, मग खेळ खलास.

१९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. डीएफपीच्या फ्रान्समधल्या कारखान्यात गेला होता. तिथल्या टेबलावर त्याला एक पेपरवेट दिसला. छोटासा पिस्टन, पण अॅल्युमिनियमचा. एका ओतकाम कारखान्याने जाहिरातीसाठी वाटलेली ती शोभेची वस्तू. रोज त्या टेबलाशी बसणाऱ्यांनी त्याखाली कागद दाबले. याच्या डोक्यात मात्र तो कागदावरून उठून इंजिनात गेला.

त्याने ८८ टक्के अॅल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन बनवून घेतले. जाणकारांनी मान हलवली. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि सिलिंडरमधली ज्वाळा २००० अंशांच्या वर जाते, म्हणजे हा पिस्टन लोण्यासारखा वितळणार, असा साधा हिशोब होता. पण हिशोबात एक गोष्ट राहिली होती. अॅल्युमिनियमचा मिश्रधातू बिडाच्या जवळपास तिप्पट सहजतेने उष्णता वाहून नेतो. ज्वाळा क्षणभर असते. माथ्यावर पडलेली उष्णता पिस्टन लगेच रिंगांतून आणि बाजूंनी सिलिंडरच्या भिंतीला देऊन टाकतो आणि स्वतः वितळण्याच्या बराच अलीकडे राहतो. वजन तर बिडाच्या निम्म्याहूनही कमी.

खरी मेख वेगळीच होती. अॅल्युमिनियम तापलं की लोखंडाच्या दुपटीने फुगतं. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन धरा. तो २०० अंशांनी तापला की त्याचा व्यास ०.३७ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याच्या भोवतीचा बिडाचा सिलिंडर पाण्यामुळे थंड राहतो, तो समजा ८० अंशांनी तापला, तर वाढतो जेमतेम ०.०७. म्हणजे गार असताना पाव मिलिमीटरहून जास्त मोकळीक ठेवली नाही तर गरम झाल्यावर पिस्टन अडकणारच. आणि एवढी मोकळीक ठेवली की सकाळी गार इंजिन सुरू करताना पिस्टन भिंतींवर आपटून खडखडाट करणार. हा आवाज जुन्या गाड्यांच्या मालकांना चांगला ओळखीचा असेल.

डब्ल्यू. ओ. ने खडखडाट पत्करला. अॅल्युमिनियमचा पिस्टन सगळ्यात आधी त्यालाच सुचला असं म्हणणं चुकीचं ठरेल, तो पेपरवेट कुणीतरी ओतलाच होता. पण असा पिस्टन इंजिनात घालून, कॉम्प्रेशन वाढवून, फिरवून फिरवून तो टिकतो हे इंग्लंडमध्ये दाखवून देणारा माणूस हाच. १९१३ आणि १९१४ मध्ये त्याने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर डीएफपी पळवून एकामागून एक रेकॉर्ड घेतले. १९१४ च्या टीटी शर्यतीत बड्या इंजिनांच्या गर्दीत हीच छोटी गाडी सहावी आली. प्रतिस्पर्धी चक्रावले होते. इंजिनात काय आहे ते त्याने कुणाला सांगितलं नाही. धंद्याचं गुपित होतं ते.

आणि मग पहिलं महायुद्ध सुरू झालं.

विमानाच्या इंजिनात पिस्टनचा प्रश्न कारपेक्षा दसपट गंभीर. कार बंद पडली तर ढकलत बाजूला घेता येते. डब्ल्यू. ओ. ने आपलं गुपित खिशात ठेवून युद्ध संपायची वाट बघितली असती तर कुणी त्याला दोष दिला नसता. पण तो थेट नौदलाच्या हवाई शाखेकडे गेला. तिथे कमांडर ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने त्याचं ऐकून घेतलं आणि त्याला नौदलात घेऊन विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवलं. त्यातली एक होती डर्बीची रोल्स-रॉइस. ती तेव्हा आपलं पहिलं विमान इंजिन, ईगल, तयार करत होती. बेंटलीने त्यांच्या इंजिनियरांना पिस्टनचं सगळं सांगितलं आणि ईगलमध्ये अॅल्युमिनियमचे पिस्टन आले. दुसरी कंपनी सनबीम. रोल्स-रॉइस हे नाव मात्र लक्षात ठेवा. पंधरा-सोळा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

युद्धातलं त्याचं सगळ्यात मोठं काम वेगळं होतं. ब्रिटिशांच्या बऱ्याच लढाऊ विमानांना क्लर्जे नावाचं फ्रेंच रोटरी इंजिन असायचं. रोटरी म्हणजे अजब प्रकार. यात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरणारे. फिरताना वारा लागून इंजिन थंड व्हावं ही कल्पना. पण वारा सिलिंडरच्या पुढच्या बाजूला लागतो, पाठ तापलेलीच राहते. एक बाजू गार, एक गरम, म्हणजे गोल सिलिंडर वेडावाकडा होणार. पिस्टन गोल, सिलिंडर गोल नाही. एकीकडे फट नाहीशी, दुसरीकडे दरवाजा उघडा.

यावर क्लर्जेच्या इंजिनात उपाय होता तो एका पातळ, लवचीक रिंगचा, जी सिलिंडरच्या बदलत्या आकाराबरोबर स्वतःला जुळवून घेईल. ही रिंग फार टिकायची नाही. थोड्याच तासांच्या उड्डाणानंतर ती बदलावी लागायची आणि हवेत असतानाच तुटली तर ज्वाळा पिस्टनच्या बाजूने खाली घुसायची, पिस्टन चिकटायचा आणि इंजिन थांबायचं. खाली शत्रूचा मुलुख, विमानाला एकच इंजिन आणि त्या वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नसायचं. पिस्टनची फट चुकली की माणूस जायचा, इतका सरळ हिशोब.

डब्ल्यू. ओ. ऑफिसात बसून राहिला नाही. तो फ्रान्समध्ये आघाडीवरच्या तुकड्यांकडे गेला, मेकॅनिकांशी बोलला, उतरवलेली इंजिनं पाहिली. क्लर्जे बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या कंपनीला त्याने सुधारणा सुचवल्या. त्यांना त्या फारशा रुचल्या नाहीत. शेवटी नौदलाने त्याला कोव्हेंट्रीला हंबर कंपनीत जागा करून दिली आणि तिथे त्याने स्वतःचं रोटरी इंजिन उभं केलं.

सिलिंडर अॅल्युमिनियमचे, आत बिडाचे लायनर, पिस्टन अॅल्युमिनियमचे, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. सिलिंडरच उष्णता भराभर पसरवत असल्यामुळे तो वेडावाकडा होणं कमी झालं आणि ती नाजूक रिंग लागेनाशी झाली. इंजिनाचं नाव आधी एआर-१, मग बीआर-१ पडलं. बी म्हणजे बेंटली. ताकद १५० हॉर्सपॉवर. क्लर्जे इंजिन ९०७ पौंडांना पडायचं, हे ६०५ पौंडांना. जास्त टिकाऊ, जास्त ताकदवान आणि वर एक तृतीयांश स्वस्त, असा योग सरकारी खरेदीत क्वचितच येतो. सॉपविथ कॅमल या गाजलेल्या विमानात ते बसलं. त्याचं मोठं भावंड बीआर-२ सॉपविथ स्नाइपमध्ये गेलं.

देशाने त्याला एमबीई दिलं आणि पुढे ८००० पौंडांचं बक्षीस. पण त्याच काळात घर मोडलं. १९१४ मध्ये लग्न झालेली बायको लिओनी १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. युद्धाने नाही, तापाने. त्या साथीने जगभर किती घरं रिकामी केली ते आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही ठाऊक होतं.

त्याच वर्षी त्याने बेंटली मोटर्स काढली.

पहिलं इंजिन लंडनमध्ये बेकर स्ट्रीटजवळच्या एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये सुरू झालं. तीन लिटरचं, चार सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर आणि १४९ मिलिमीटरचा लांबलचक स्ट्रोक. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग, वर कॅमशाफ्ट. चार व्हॉल्व्हचं कौतुक आपल्याकडे गाड्यांच्या जाहिरातींत नव्वदच्या दशकात सुरू झालं, यावरून अंदाज बांधा. पिस्टन अर्थातच अॅल्युमिनियमचे.

आणखी एक गंमत त्यात होती. हेड वेगळं नव्हतंच, ब्लॉकबरोबर एकाच ओतकामात होतं. त्यामुळे हेड गॅस्केट जळण्याचा प्रश्नच आला नाही. गॅस्केट उडून कूलंट आणि ऑइल एकत्र झालेलं, ते चहाच्या रंगाचं मिश्रण ज्याने पाहिलंय त्याला या निर्णयाची किंमत कळेल. व्हॉल्व्हचं काम काढायचं तर मात्र अख्खा ब्लॉक उचलावा लागायचा. डब्ल्यू. ओ. ने ती कटकट मेकॅनिकच्या गळ्यात घातली आणि ग्राहकाची सोडवली.

पहिली गाडी १९२१ मध्ये ग्राहकाच्या हातात पडली. कंपनीने गॅरंटी दिली पाच वर्षांची. त्या काळात, जेव्हा गाडीबरोबर मेकॅनिकही पोसावा लागायचा.

१९२३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां गावी चोवीस तासांची पहिली शर्यत भरली. जॉन डफ नावाच्या ग्राहकाला आपली बेंटली तिथे पळवायची होती. डब्ल्यू. ओ. ला हा शुद्ध वेडेपणा वाटला. एवढं सलग पळायला कुठलीही गाडी बनवलेली नसते, असं त्याचं मत. तरी तो बघायला गेला आणि रात्रीत त्याचं मत फिरलं. रेल्वेत वाढलेल्या माणसाला ही शर्यत आपलीच वाटली असणार, कारण इथे क्षणभराच्या वेगापेक्षा चोवीस तास न मोडणाऱ्या इंजिनाला मान होता. डफ आणि फ्रँक क्लेमेंट त्या वर्षी चौथे आले. १९२४ मध्ये त्यांनीच शर्यत जिंकली. पुढची दोन वर्षं पदरी निराशा आली आणि मग १९२७, १९२८, १९२९, १९३० असे सलग चार विजय. १९२९ मध्ये तर पहिल्या चारही गाड्या बेंटलीच.

यातला १९२८ चा विजय मला सगळ्यात आवडतो. वूल्फ बार्नाटो आणि बर्नार्ड रुबिन यांच्या गाडीची चासी शेवटच्या टप्प्यात तडकली. रेडिएटरचा होज निखळला, पाणी वाहून गेलं आणि काटा वर चढला. आपल्या घाटातली तीच गोष्ट. बार्नाटोने गाडी थांबवली नाही. वेग आवरत, इंजिनाला जपत त्याने ती रेषेपलीकडे नेली आणि शर्यत जिंकली. ते पिस्टन का चिकटले नाहीत याचं उत्तर तुम्हाला आता ठाऊक आहे. सकाळचा खडखडाट पत्करून ठेवलेली ढळढळीत फट. (तुमच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. आजच्या इंजिनात तेवढी उदार जागा कुणी ठेवत नाही.)

हा बार्नाटो फक्त ड्रायव्हर नव्हता. तो किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीतल्या पैशाचा वारस. बेंटली मोटर्स गाड्या अप्रतिम बनवायची आणि हिशोब भयंकर ठेवायची. १९२६ मध्ये बार्नाटोने पैसे ओतून कंपनी वाचवली आणि अर्थातच ताबाही त्याच्याकडे गेला. आपल्याच नावाच्या कंपनीत डब्ल्यू. ओ. नोकर झाला.

त्याचा परिणाम दिसला ब्लोअर बेंटलीत. टिम बर्किन नावाच्या धडाडीच्या ड्रायव्हरला साडेचार लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर बसवायचा होता, म्हणजे हवा दाबून आत कोंबायची आणि ताकद वाढवायची. डब्ल्यू. ओ. चा याला ठाम विरोध. जास्त ताकद हवी तर मोठं इंजिन बनवा, छोट्याच्या नरड्यात हवा कोंबू नका, ही त्याची भूमिका. कारण तो पिस्टनच्या बाजूने विचार करायचा. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त उष्णता, आणि ती सगळी त्याच पिस्टनच्या माथ्यावर. बार्नाटोने बर्किनची बाजू घेतली. ल मांच्या नियमासाठी पन्नास गाड्या बनल्या.

ब्लोअर दिसायला राजबिंडी, आवाजाने काळीज हलवणारी. आजही लिलावात आणि पोस्टरवर बेंटली म्हटलं की तीच असते. पण तिने ल मां एकदाही जिंकली नाही. १९३० मध्ये बर्किनच्या गटाच्या दोन्ही ब्लोअर इंजिन निकामी होऊन बाहेर पडल्या आणि जिंकली ती सुपरचार्जर नसलेली, डब्ल्यू. ओ. च्या पद्धतीने मोठं इंजिन बसवलेली स्पीड सिक्स.

आता कुणी म्हणेल, आज तर एक लिटरच्या गाडीलाही टर्बो असतो, मग म्हातारा चुकलाच की. नाही, तो त्याच्या काळाबद्दल बरोबर होता. मधल्या वर्षांत पिस्टनच बदलला. तांब्याऐवजी अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन आलं, १२ टक्क्यांच्या आसपास, त्याने फुगणं कमी झालं. काही काळ पिस्टनच्या आत पोलादी पट्ट्या बसवून त्याला आवरायचे. आजचा पिस्टन हातात घेतलात तर तो गोल वाटेल, पण तो गोल नसतो. गार असताना किंचित लंबगोल आणि माथ्याकडे किंचित निमुळता, असा मुद्दाम घडवलेला असतो, म्हणजे तापल्यावर तो हवा तसा गोल होईल. अंगावर घर्षण कमी करणारा काळा लेप असतो. टर्बो इंजिनांमध्ये पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची पिचकारी सतत मारलेली असते. आणि नॉकिंगची चाहूल घेणारा सेन्सर असतो.

एवढं करून फट केसाएवढी आणली, सकाळचा खडखडाट गेला, ऑइल पिणं कमी झालं. पण चुकीला जागाही तेवढीच कमी उरली. कूलंट कमी पडलं, ऑइलची पातळी उतरली, की हा घट्ट बसवलेला पिस्टन लवकर घासतो. गार इंजिन सुरू करून लगेच अॅक्सिलरेटर दाबला तर पिस्टन आधी तापतो आणि सिलिंडर मागे राहतो, तेवढ्यातही ओरखडे पडतात. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना आणखी एक दुखणं आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात पाय दाबून धरला की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि दोन रिंगांमधला पिस्टनचा पातळ कठडाच तुटतो. उष्णता आणि दाब पिस्टनच्या माथ्यावर येणार, ही डब्ल्यू. ओ. ची भीती तिथे अजून जिवंत आहे.

तर, १९३० मध्येच डब्ल्यू. ओ. ने आपली सगळ्यात भव्य गाडी आणली. आठ लिटर. पण तोवर अमेरिकेत शेअर बाजार कोसळला होता आणि मंदी इंग्लंडपर्यंत पोहोचली होती. एवढी महाग गाडी घेणार कोण? जेमतेम शंभर विकल्या गेल्या. १९३१ मध्ये बार्नाटोने पैसे देणं थांबवलं आणि कंपनी रिसीव्हरच्या हाती गेली.

नेपियर ही कंपनी विकत घेणार हे जवळपास ठरलं होतं. डब्ल्यू. ओ. खूश होता, त्याने त्यांच्यासाठी नव्या गाडीच्या आराखड्यावर विचारही सुरू केला होता. पण कोर्टात शेवटच्या घटकेला ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट नावाच्या कुणा अनोळखी संस्थेने जास्त बोली लावली आणि कंपनी तिची झाली. या ट्रस्टच्या आड कोण आहे ते नंतर कळलं. रोल्स-रॉइस. ज्यांच्या पहिल्या विमान इंजिनात त्याने आपले पिस्टन घालून दिले होते, तेच. आठ लिटरची बेंटली त्यांच्या फँटमला भारी पडत होती, हे त्यामागचं एक उघड कारण.

कंपनीबरोबर कारखाना गेला, आराखडे गेले, नाव गेलं आणि डब्ल्यू. ओ. सुद्धा गेला, कारण त्याचा करारही मालमत्तेचाच भाग धरला गेला. रोल्स-रॉइसने त्याला नोकरीत ठेवलं, पण इंजिन बनवू दिलं नाही. गाड्यांच्या चाचण्या घ्यायच्या, विक्रीला मदत करायची. इंजिन डिझाइन करणाऱ्या माणसाला इंजिनापासून दूर ठेवलं की तो दुसरीकडे जाऊनही त्रास देणार नाही, असा तो हिशोब होता. व्यवहार म्हणून चोख, माणुसकी म्हणून नाही. त्याच वर्षी दुसरं लग्नही मोडलं. १९३४ मध्ये मार्गारेटशी तिसरं लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

१९३५ मध्ये करार संपला आणि तो लागोंडा कंपनीत गेला. इथे त्याने व्ही-१२ इंजिनाची गाडी उभी केली. १९३९ च्या ल मांमध्ये लागोंडा तिसरी आणि चौथी आली. मग दुसरं महायुद्ध. युद्धाच्या काळातच त्याने आणि त्याच्या टीमने २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं नवं इंजिन आखलं. युद्ध संपताच गाडी जाहीर करताना लागोंडाने तिच्या नावात बेंटली हा शब्द जोडला.

रोल्स-रॉइस कोर्टात गेली. बेंटली हे नाव आमच्या मालकीचं, ते दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चालणार नाही. समोर गाडी बनवणारा माणूस स्वतः बेंटली होता, जन्मापासून. कोर्टाने रोल्स-रॉइसच्या बाजूने निकाल दिला. कायदा तसाच होता, नाव १९३१ मध्येच विकलं गेलं होतं. लागोंडाला खर्चाचा फटका बसला आणि ती अडचणीत असताना १९४७ मध्ये डेव्हिड ब्राउन या उद्योगपतीने ती विकत घेतली. त्याने थोडं आधी अॅस्टन मार्टिनही घेतली होती आणि त्याला हवं होतं चांगलं इंजिन. लागोंडाचं ते २.६ लिटरचं इंजिन त्याने १९५० च्या अॅस्टन मार्टिन डीबी-२ मध्ये बसवलं. जेम्स बाँडमुळे आपल्याला माहीत झालेल्या डीबी मालिकेच्या सुरुवातीला असं बेंटलीचं इंजिन आहे, फक्त त्यावर नाव नाही.

त्यानंतर काही काळ आर्मस्ट्राँग सिडलीसाठी सल्लागाराचं काम, मग निवृत्ती. मूलबाळ नव्हतं. पैसाही फार नव्हता. जुन्या बेंटली सांभाळणाऱ्या हौशी मालकांचा क्लब मात्र त्याला दैवत मानायचा, मेळाव्यांना बोलवायचा. त्याच्या काळात बनलेल्या तीन हजारांहून थोड्या जास्त गाड्यांपैकी कित्येक तेव्हाही धावत होत्या आणि आजही धावतात.

१९७१ च्या फेब्रुवारीत आरबी-२११ या जेट इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेल्यामुळे खुद्द रोल्स-रॉइस बुडाली आणि तिच्यावर रिसीव्हर बसला. डब्ल्यू. ओ. ने ती बातमी वाचली असेलच. सहा महिन्यांनी, १३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तो गेला.